अर्धलीचा सिनेमा

कटमामा कोणाला कधी 'थांब' म्हणत नसत, 'कट' म्हणत. मेंढरू दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरलं की कट. मामींनी गाऱ्हाणं काढलं की कट. एकदा केजला एका लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बाईंचा सूर फारच वर चढला, तेव्हा मंडपाच्या मागून यांचा 'कट' ऐकू आला आणि त्या बाई खरंच थांबल्या. नवरदेवाचे वडील पुढे कितीतरी दिवस मामांशी बोलत नव्हते. मामांना त्याचं काहीच नाही. "सूर गेलता तिचा," एवढंच म्हणाले.

हे काही माझे सख्खे मामा नव्हेत. युसूफ वडगावात ते सगळ्यांचेच मामा. घरची पिढीजात मेंढरं, शाळा चौथीपर्यंत, आणि सिनेमाचं वेड असं की मेंढरं बसवून शेजारच्या मेंढक्याला अख्खी गोष्ट नकला करून सांगायची. माझं गावात ब्युटी पार्लर आहे आणि शेजारच्या गाळ्यात आमच्या ह्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दिवस मावळायला लागला की मामा दुकानाच्या पायरीवर येऊन बसत. अंगाला मेंढरांचा वास, माझी गिऱ्हाइकं नाकाला पदर लावायची. मी चिडून काही बोलले की म्हणायचे, "तुझ्या त्या किरीमपेक्षा बरा हाय."

अंबाजोगाईला त्यांनी गडाचा सिनेमा पाहिला आणि तिथून सगळं सुरू झालं. मुंबईच्या एका मोठ्या स्टुडिओचा सिनेमा. आम्ही त्याला गडाचा सिनेमाच म्हणायचो. त्याच्या शेवटी सेनापती तटावरून उडी टाकतो आणि पडद्यावर अंधार होतो. मेला का वाचला, काही कळत नाही. पुढचा भाग कधी येणार याचा पत्ता नव्हता. बाकीचे लोक वाट बघत बसले. मामा म्हणाले, "अर्ध्या वाटंत कळप सोडून कुनी घरी जातं का?" आणि पुढची गोष्ट स्वतःच काढायला निघाले.

कॅमेरा म्हणजे आमच्या दुकानातला मागची काच तडकलेला फोन. गड म्हणून धर्मापुरीच्या जुन्या देवळाची भिंत. उडी मारून सेनापती वाहत जातो ते कपिलधारच्या धबधब्यात. सेनापती झाला होता बाळू, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळणारा पोरगा. सैन्य कुठून आणायचं? मामांनी आपलीच मेंढरं माळावरून पळवली आणि लांबून नुसता धुरळा टिपला. तो धुरळा मोबाईलवर बघताना माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. मी तिथे गेले होते बाकीच्यांचे चेहरे रंगवायला. उशिरा आला म्हणून मी बाळूला झापत होते, ते मामांनी ऐकलं आणि म्हणाले, "राणी घावली बे." माझी निवड रूपावर झाली नाही, एवढं मी समजून आहे. सासूबाई आधी फणफणल्या आणि मग चौथ्या भागात स्वतःच राजमाता होऊन बसल्या.

ह्यांनी यूट्यूबवर चॅनेल काढून दिलं, एकेक भाग चढत गेला आणि लोक बघायला लागले. बघता बघता आठ भाग झाले. आठव्यात मामा स्वतः दिसतात. जखमी सेनापतीला आपल्या घोंगडीत लपवणारा म्हातारा मेंढका. त्यात ते एकदा मोठ्यानं हसतात. घरात कधी एवढं हसले नसतील.

आता एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. आमच्याकडे शेळ्या-मेंढ्या अर्धलीनं देतात. जनावर मालकाचं, सांभाळणारा दुसरा, आणि होतील ती पिल्लं निम्मी-निम्मी. वाटे घालायचे सांभाळणाऱ्यानं, आधी उचलायचं मालकानं. आणि मालकाची खूण जनावराच्या कानावर कायम ठेवायची. मामांच्या हिशेबी गडाची गोष्ट ही स्टुडिओची मेंढी होती आणि ते ती अर्धलीनं राखत होते. म्हणून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्यांनी त्या स्टुडिओचं फिरतं सोनेरी चक्र आणि त्याचं वाजणारं संगीत जसंच्या तसं लावायला सांगितलं. कानावरची खूण. त्याशिवाय भाग पुढे सरकूच देत नसत.

त्या खुणेनंच घात केला. स्टुडिओच्या तक्रारीवरून पहिला भाग उडाला आणि चॅनेलला पहिली ताकीद आली. ह्यांनी मामांना समजावलं की मशीन त्या चक्रावरून आणि संगीतावरून आपल्याला शोधतं, सुरुवातीचं तेवढं कापून टाकू, कोणाला पत्ता लागणार नाही. मामा असे भडकले की पायरीवरून उठून उभेच राहिले. "कानाची खून कोन कापतं, ठावं हाय का तुला? चोर कापतो." चक्र तसंच राहिलं. महिनाभरात दुसरी ताकीद आली. तिसरी आली की चॅनेल संपणार होतं.

तेव्हा मामांनी आपल्या डोक्यानं स्टुडिओला उत्तर पाठवलं. माझ्याकडून लिहून घेतलं आणि एक अक्षर बदलू दिलं नाही. गोष्ट तुमची आहे, आम्हाला मान्य आहे. आठ भाग झालेत. चार तुमचे, चार आमचे. तुम्ही आधी निवडा. पहिला आणि आठवा सगळ्यात सरस, ते मी मुद्दाम वेगवेगळ्या वाट्यात घातलेत, म्हणजे तुमचं नुकसान व्हायला नको. मी लिहिताना म्हटलं, "मामा, हे शहरातले लोक आहेत, त्यांना हे कळायचं नाही." ते म्हणाले, "वाटा कुनाला कळत न्हाई?"

स्टुडिओच्या वकिलाची नोटीस आली ती कागदाचा गठ्ठाच. गोष्ट आमची नाही हे आम्ही स्वतः लिहून दिलंय, असं त्यात पहिल्याच पानावर होतं. सगळे भाग नष्ट करा आणि सोबतच्या हमीपत्रावर शुक्रवारपर्यंत सही करा. नाहीतर मुंबईच्या कोर्टात दावा, आणि तोही आमच्या सिनेमाच्या शेवटी ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांवर. मामांनी कौतुकानं गावातल्या निम्म्या लोकांची नावं घातली होती. पाणी आणून देणाऱ्याचंसुद्धा.

गावाचा रंग एका दिवसात पालटला. पायरीवर कोणी बसेना. बाळूची मैदानी परीक्षा झाली होती, चारित्र्य पडताळणी राहिली होती. त्याचे वडील मामांच्या वाघरीपाशी, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, येऊन उभे राहिले, हात जोडून. "मामा, पोराचं आयुष्य हाय. सही करा." बाळू मागून ओरडला, "मामा, माझ्यासाठी करू नगा." बापानं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी मात्र मामांना ठणकावून सांगितलं की सही करायची नाही, बघू काय करतात ते. त्यावरून आमच्या घरात बोलणं बंद झालं. ह्यांचंही नाव होतं ना यादीत. दुकानाचं शटर वाजलं तरी मला वाटायचं, कोर्टाची माणसं आली.

मामांचं घोडं एकाच शब्दावर अडलं होतं. हमीपत्राबरोबर मराठी तर्जुमा होता आणि त्यात लिहिलं होतं, 'मी सदर कथेची व पात्रांची चोरी केली असून'. गुरुवारी दुपारी वकीलबाईंचा फोन आला. आवाजावरून तरुण वाटल्या, बोलायला चांगल्या होत्या. ह्यांनी स्पीकर लावला.

"काका, सही करून टाका. मी तुमच्या भल्याचं सांगते."

"करतो. तेवढा चोरीचा शबुद काढा. आमच्यात चोर म्हनलं की त्या घरात कुनी लेक देत न्हाई."

"तो मजकूर मला बदलता येत नाही, काका. वरून आलाय. आणि सगळं नष्ट करायचं, मूळ शूटिंगसुद्धा."

"नष्ट म्हंजी?"

"पुसून टाकायचं. कुठेच शिल्लक ठेवायचं नाही."

मामा जरा पुढे सरकले. "मॅडम, तुमचं हाय म्हनता ना? मग घिऊन जावा. मी सोता मुंबईला आनून देतो, हळदकुकू लावून. माझा निम्मा बी तुमालाच. पन मारू नगा."

"काका, आम्हाला ते नकोच आहे. ते असूच नये, एवढंच म्हणणं आहे."

मामा आमच्याकडे बघायला लागले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "मालक आपलंच जनावर मारा म्हंतोय," ते हळू म्हणाले. "कावून?" फोन चालूच होता, तो ह्यांनी पुढे होऊन बंद केला.

शुक्रवारी ते धुतलेला सदरा घालून आले. मेंढरं मामींकडे सोपवली होती. मला म्हणाले, लाव मॅडमला फोन. बाईंना त्यांनी एकच सांगितलं, "राखनदार मी. ही समदी माझ्या सांगन्यानं आलती. ह्यांची नावं सोडा, चोर मला एकट्याला लिवा." बाईंनी वेळ मागितला. ती वाट बघणं मी विसरणार नाही. ह्यांनी एक फोन उघडून ठेवला होता, त्याचे स्क्रू पुन्हा पुन्हा मोजत बसले होते. बाळूचे वडील रस्त्यापलीकडे उभे होते, आत येत नव्हते. मी चहा केला, कोणी प्यायलं नाही. मग फोन आला. वरच्यांनी मान्य केलं होतं. शब्द तोच, नाव एकच. मामांनी सही केली. सही करायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा, त्या दिवशी जास्त लागला. बाहेर बाळूचे वडील मटकन खाली बसले आणि रडायला लागले. मलाही रडू आलं, पण माझं रागाचं होतं.

चॅनेल त्याच दिवशी गेलं. पण मामांचं काम तिथे संपलं नाही. हमीपत्रात लिहिलं होतं, कुठेच शिल्लक नाही, म्हणून ते घरोघर फिरले. ज्यानं ज्यानं मोबाईलमध्ये उतरवून घेतलं होतं, त्याच्यासमोर बसायचे आणि पुसून घ्यायचे. कोणी म्हणालं, "मामा, कुणाला कळणार हाय?" तर म्हणायचे, "मी सही केलीय ना." माझ्याकडे आठही भाग पेनड्राइव्हवर होते. मी डाळीच्या डब्यात घालून ठेवला होता आणि नाही म्हणून सांगायचं ठरवलं होतं. ते दारात येऊन उभे राहिले, आत आलेच नाहीत. "राणीसाहेब, असंल तर द्या. मी शबुद दिलाय." मी डब्यात हात घातला आणि काढून दिला. मी काय करणार होते? असं कोणी मागितल्यावर देण्यावाचून गत्यंतर नसतं.

त्यानंतरही ते पायरीवर यायचे, पण सिनेमाचं नाव नाही. स्टुडिओचा पुढचा भाग शेवटी आला तेव्हा बाळूनं तिकीट काढून आणलं, तर नको म्हणाले. बाळू पोलिसात लागला. मामा त्याचा गणवेश चाचपून बघायचे आणि कापड चांगलं आहे म्हणायचे. मागच्या हिवाळ्यात छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि गेले.

तेराव्याला आम्ही सगळे त्यांच्या अंगणात जमलो होतो. जेवणं उरकली होती. मामी मला म्हणाल्या, "आठव्या भागात ते हसत्यात बघ, तेवढं दाव मला." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी बाळूकडे. बाळूनं आपल्या वडिलांकडे. तेव्हा कळलं की आम्हा प्रत्येकाला खात्री होती, दुसऱ्या कोणीतरी नक्की लपवून ठेवलं असणार. कोणीच ठेवलं नव्हतं. कोणाच्या फोनमध्ये त्यांचा साधा आवाजसुद्धा निघाला नाही.

मामींच्या ते लक्षात आलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्यांचा शबुद राह्यला." आणि तोंड फिरवून आत गेल्या.

त्यांचं खरंच आहे. पण मला त्या अंगणात सगळ्यांचा संताप आला, माझा स्वतःचाही. एवढ्या मोठ्या गावात एक तरी चोर निघायला हवा होता.