नऊ नंबरची डांगराची वडी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावात दोन गोष्टींची टंचाई होती, पाण्याची आणि खुर्च्यांची. पाणी टँकरने यायचं, खुर्च्या ट्रकने यायच्या आणि दोन्ही गोष्टी माझ्यापर्यंत पोचेस्तोवर संपलेल्या असायच्या. मी नांदेडहून बदलून नव्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले आणि पहिले काही आठवडे फायलींच्या गठ्ठ्यावर बसून जिल्ह्याची सेवा केली. नवऱ्याला तिथल्याच एका शाळेत मास्तरकी मिळाली होती. दाळ मिलच्या मागच्या गल्लीत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

गल्ली मोठी प्रेमळ होती. सामान उतरायच्या आधी बायका बघायला आल्या. कुठल्या, कोणत्या गावच्या, माहेर कुठलं, अशी चौकशी झाली. किनवटकडची, म्हणून सांगितलं. जंगलात वाघ असतात का, हे विचारून झालं. मग एकीची नजर कपाटावरच्या बुद्धाच्या छोट्या मूर्तीवर गेली. माझ्या वडिलांनी तरुणपणीच धम्मदीक्षा घेतली होती, ती मूर्ती त्यांनी मला लग्नात दिलेली. बाईंनी मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुढे केलेली पोह्यांची बशी पाहून त्यांना एकदम आठवलं की आज गुरुवार आहे.

त्यानंतर मला कळलं की आमच्या गल्लीइतकी धार्मिक गल्ली उभ्या मराठवाड्यात नसेल. सोमवारी आलेलीचा सोमवार, मंगळवारी आलेलीचा मंगळवार, शनिवारी आलेलीचा शनिवार. एक बाई बुधवारी आल्या. बुधवारचा उपवास कोणत्या देवाचा ते मला माहीत नव्हतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही नसावं. मीही हट्टाला पेटले. एकदा मुद्दाम साबुदाण्याची खिचडी करून ठेवली आणि उपवास आहे म्हटल्याबरोबर बशी पुढे केली. त्या दिवशी त्यांचा उपवास निर्जळी निघाला.

शेजारच्या मावशींचं मला जास्त लागायचं. निलंग्याकडच्या शेतकरी घरातल्या. शेती भावकीवर सोपवून नवरा मिलमध्ये कामाला लागला म्हणून त्या लातुरात आल्या होत्या. आमच्या दोघींच्या परसात कमरेएवढी एकच भिंत. तिच्यावरून दिवसभर बोलणं चालायचं. मला ताप आला तेव्हा त्यांनी भिंतीवरून गवती चहाचा काढा दिला, कचेरीतून उशीर झाला तर माझ्या दारातलं वाळवण उचलून ठेवलं. जीव लावायच्या आणि खायला दिलं की त्यांचाही उपवास असायचा. बाकीच्या बायकांचा मला राग यायचा. मावशींचं वाईट वाटायचं, आणि मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा माझ्या हातचं खावं. आता लिहिताना ही मागणी फार लहान दिसते. तेव्हा ती लहान नव्हती.

अशात नव्या जिल्ह्याचं नवं महिला मंडळ निघालं. नवा जिल्हा, नवे साहेब, म्हणजे साहेबांच्या बाईंना मंडळ काढणं आलंच. पहिल्या सभेत बाईंनी दुष्काळावर विचार मांडले. बाहेर जनावरं छावणीत बांधलेली आणि आत बाई सांगत होत्या की तळण शरीराला वाईट, यापुढे आपण भाजलेलं खाऊ या. सभेला निम्म्या बायका अशा होत्या की ज्यांच्या घरी महिनाभर कढई चढलेली नव्हती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. लातूरसारख्या तेलबियांच्या बाजारात उभं राहून तेल सोडा म्हणून सांगायला धाडस लागतं, ते बाईंकडे होतं. मग त्यांनी विजेची भट्टी आणून मासिकातला एक पदार्थ करून दाखवायला घेतला. त्यात कुठलंसं परदेशी चीज होतं. पदार्थ भट्टीत गेला आणि वीज गेली. आम्ही तासभर त्या बंद डब्याकडे आदराने पाहत बसलो.

शेवटी स्पर्धा जाहीर झाली. पदार्थ भाजीचा हवा, भाजलेला हवा, चहाबरोबर एका घासात जाईल एवढा हवा, आणि पाणी कमीत कमी वापरलेलं हवं. निकाल चोख लागावा म्हणून ताटांवर नावं नसतील, फक्त नंबर असतील. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी नाव नोंदवलं.

बाजारात तेव्हा भाजी म्हणून जे काही यायचं ते पाहून डोळ्यांत पाणी यायचं, आणि तेवढंच पाणी. पण माझ्या वडिलांनी दिवाळीच्या आधी किनवटहून गाडीने नांदेड आणि तिथून एसटीने लातूर असा प्रवास करून पोत्यात घालून पाच डांगरं आणली होती. पुण्याकडे त्याला लाल भोपळा म्हणतात आणि उपवासाला चालतो म्हणतात. आमच्याकडचं डांगर असल्यामुळे ते चाललं नसतं, हे वेगळं.

डांगर चिरलं, किसलं, मीठ लावून ठेवलं. अर्ध्या तासात परातीत पाणी सुटलं. त्या वर्षी जिल्ह्यात न मागता पाणी सोडणारं ते एकटंच असेल. त्याच पाण्यात ज्वारीचं पीठ आणि थोडं बेसन मळलं, वरून एक थेंब घेतला नाही. लसूण, हिरवी मिरची, तीळ, मूठभर कोथिंबीर घातली. दारात फुटक्या बादलीत ओवा लावला होता, तो भांडी धुतलेल्या पाण्यावर जगत होता. त्याची पानं बारीक चिरून घातली. लिंबाएवढे गोळे करून चपटे केले. पातेल्यात वाळू तापवून त्यावर ताटलीत ठेवून झाकले. खालून कोळसा झाले, वरून कच्चे राहिले. नवऱ्याने एक खाल्ला आणि मास्तरांच्या पद्धतीने म्हणाला, "प्रयत्न चांगला आहे." दोन दिवस किसणी चालली आणि दोन दिवस तो प्रयत्नांचं कौतुक करत राहिला.

मग मला बेकरी आठवली. आमच्या भागात दिवाळीला बायका रवा, साखर, तूप घरून घेऊन बेकरीत जातात आणि पाव निघाल्यावर भट्टीत जी धग उरते तिच्यात नानकटाई भाजून आणतात. आपापल्या पत्र्यावर खडूने खूण करायची, म्हणजे बदलाबदल होत नाही. स्पर्धेच्या दिवशी, रविवारी, सकाळीच मी डबा घेऊन गेले. बेकरीवाले चाचा दाढीला पीठ लागलेल्या अवस्थेत बसले होते. त्यांनी डब्यात बोट घालून पाहिलं.

"ये क्या है, बाई? डांगर?"

"डांगर."

"भट्टी में डांगर? हमारे बाप ने भी कभी नई डाला." पण पत्रा काढून त्यांनी स्वतःच्या हाताने तेल फिरवलं. "ओवे की पत्ती डाली क्या? अच्छा करी. पेट को अच्छी."

आत दोन पत्रे आधीच लागले होते. खडूच्या खुणा आमच्याच गल्लीतल्या बायकांच्या होत्या, स्पर्धेचे पदार्थ त्या आदल्या दिवशीच देऊन गेल्या होत्या. त्यांच्या पत्र्याला चिकटून माझा पत्रा गेला. भट्टीत कुणाचाही उपवास नव्हता. वीस मिनिटांत तिळाचा आणि ओव्याचा असा वास सुटला की चाचांनी न विचारता दोन वड्या उचलल्या आणि मजुरी घ्यायला नकार दिला. वरून कुरकुरीत, आत मऊ, डांगराचा गोडवा आणि मागून मिरची. मला माझंच कौतुक वाटलं.

शाळेच्या हॉलमध्ये ताटं मांडली होती. माझं नऊ नंबरचं. परीक्षकांचं चाखून झाल्यावर बायकांना सोडलं, आणि एवढे दिवस उपास काढलेल्या बायका काय तुटून पडल्या! सात नंबर कडक निघालं, बारा नंबर कच्चं, आणि मग सगळ्या नऊ नंबरभोवती. बुधवारवाल्या बाईंनी तीन खाल्ल्या. गुरुवारवाल्यांनी दोन रुमालात बांधल्या. मी खांबाला टेकून उभी होते. मावशी आल्या, त्यांनी एक खाल्ली, डोळे मिटले, मग दुसरी. मी मोजलं. पाच. मी खांब घट्ट धरला.

मग निकाल. पहिला नंबर ज्यांना मिळाला त्यांचे यजमान साहेबांच्या लगेच खालच्या जागेवर होते, तेव्हा त्या पदार्थात काही तरी असणारच. दुसरं बक्षीस नऊ नंबरच्या ताटाला. माझं नाव पुकारलं. मी स्टीलचा डबा घ्यायला गेले आणि वळून पाहिलं. एका बाईने हातातली अर्धी वडी ताटाच्या कडेला अलगद ठेवली. रुमाल कुठे तरी गेला. कुणाला तरी घरी दूध ठेवल्याचं आठवलं. मावशी खाली बघत होत्या, आणि टाळ्या संपायच्या आधी बाजूच्या दाराने निघून गेल्या. बक्षीस हातात घेऊन मी घरी आले आणि डबा आपटला. त्याला पहिल्याच दिवशी पोचा पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परसात भांडी घासत होते. मावशी भिंतीपाशी आल्या. इकडेतिकडे बघितलं.

"हाय का गं, उरल्यात का त्या वड्या?"

"कशाला? आज सोमवार न्हाई का तुमचा?"

"चिडू नको. लई झ्याक झाल्या व्हत्या."

"माहीत असतं माझ्या हायत, तर खाल्ल्या असत्या का?"

त्या हसल्या. "ठाऊक न्हाई व्हय मला? दोन दिस तुझी किसणी आयकायलेय. ओवा कुणाच्या दारात हाय गल्लीत?"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "मग तिथं कशा खाल्ल्या?"

"तिथं कुणाला कळतंय, कुणाचं कोण खायलंय?" आणि त्यांनी भिंतीवरून हात पुढे केला. "दे इथूनच. कुणी न्हाई आत्ता."

नंबर माझ्यासाठी होते असं मी समजत होते. ते मावशींसाठी होते. मला इतका संताप आला, आणि त्यांचा तो पसरलेला हात पाहून इतकं रडूही आलं, की दोन्हीतलं काय आधी करावं कळेना.

"मागून नाही देणार," मी म्हणाले. "पुढच्या दारानं या. बसा. ताटलीत देते."

त्यांनी हात मागे घेतला. "जमायचं न्हाई गं. लेकीचं लगीन जमायलंय. गल्ली काय बोलंल?"

मला कळलं. कळल्यामुळे राग कमी होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कमी करून पाहावा. आम्ही बोलणं बंद केलं. एवढी वर्दळीची भिंत एकदम नुसती भिंत झाली. चौथं डांगर चिरलं तेव्हा मी मुद्दाम जोरात किसलं, आणि नंतर मलाच माझी लाज वाटली.

पुढच्या रविवारी टँकर आला. त्या दिवशी नशिबाने आमचे हंडे आधी भरून झाले होते. रांग माझ्या दारावरूनच जात होती, मी उंबऱ्यात उभी होते. माझ्याकडे पाठ करून बायका बोलत होत्या, म्हणजे मला नीट ऐकू यावं अशा. विषय नऊ नंबरचा. एवढे दिवस गल्लीत त्यावर खल चालला असणार, आता निवाडा झाला होता.

"नकळत खाल्लं त्याचा काय दोष?" बुधवारवाल्या बाई म्हणाल्या. "आपल्याला कुठं ठाऊक व्हतं?"

"व्हय की, नकळतच," सगळ्या म्हणाल्या. "काय हो मावशी?"

मावशी रांगेत तिसऱ्या होत्या, दोन हंडे घेऊन. रांग पुढे सरकली, त्या सरकल्या नाहीत.

"काय हो?"

"मला ठाऊक व्हतं," मावशी म्हणाल्या. "मी कळून खाल्ल्या. पाच."

मावशींनी हंडे तिथेच ठेवले, रांग सोडली आणि माझ्या दोन पायऱ्या चढून आत आल्या. पदराने जमीन झटकून बसल्या.

"आण," म्हणाल्या.

मी आणल्या. सकाळीच केलेल्या, पुन्हा वाळूवर, बेकरी काही रोज परवडत नव्हती. त्यांनी एक तोंडात घातली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"करपल्यात. मीठ बी कमी पडलंय."

सहा महिन्यांत माझ्या स्वयंपाकाला गल्लीतल्या कुणी पहिल्यांदाच नाव ठेवलं होतं. मी तोंडावर पदर घेऊन उभी राहिले. दार सताड उघडं होतं आणि बाहेरच्या सगळ्या बायका हंडे विसरून आत बघत होत्या. मावशींनी दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली, मग मिरची लागली.

"बघत काय राहिलीस?" त्या मला ओरडल्या. "पाणी दे की."

मी माझ्या माठातून तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला. रांगेतल्या एकीने तोवर त्यांचे हंडे पायाने बाजूला सारले होते. मावशी तांब्याला तोंड लावून पाणी पीत होत्या, आणि त्यांची नजर सगळा वेळ दाराकडेच होती.