कमी तिकिटाचं पाकीट

घड्याळं दुरुस्त करणारे काका दर महिन्याला मुलाला पत्र लिहीत आणि पाकिटावर मुद्दाम कमी किमतीचं तिकीट लावत. मग पत्र घेताना मुलाला दंड भरावा लागे. त्याने तो भरला नसता, तर पत्र परत आलं असतं. सहा वर्षांत मुलाचं उत्तर आलं नव्हतं, पण पत्रही कधी परत आलं नव्हतं. काकांना तेवढं पुरे होतं.

एकदा ते तिकिटं घ्यायला गेले, तेव्हा टपाल कचेरीतल्या नव्या बाई खिडकीतून हसल्या. "काका, दर कधीच वाढलेत, तुम्ही आपले जुन्यावरच! कालच्या पाकिटाला कमी पडलेलं तिकीट मीच लावलं हं. पोराला भुर्दंड कशाला?"

"ते पाकीट परत मिळेल का, बाई?"

"अहो, थैली सकाळीच गेली. पोचेल बिनबोभाट."

काकांनी मान हलवली. दुकानात येऊन त्यांनी लगेच दुसरं पत्र लिहायला घेतलं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून 'मी बरा आहे' एवढंच लिहिलं, जुनंच तिकीट चिकटवलं आणि ते दोन वस्त्या ओलांडून पलीकडच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले.