बिबट्या चारच्या आत उघडायचा होता

"चार वाजता गाडी हालंल," दादा खालून ओरडत होता, "मग बस त्या टाकीवर बिबट्याला लॅपटॉप दाखवत."

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. त्याचा आवाज असा की निमगाव सावाच्या शिवारात तो बैलाला हाक मारतो आणि मंचरच्या बाजारात हमाल थांबतात. मी घराच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर मांडी घालून बसलो होतो. मांडीवर लॅपटॉप, डावा हात वर आणि त्या हातात मोबाइल. आमच्या वस्तीवर रेंज येते ती टाकीच्या एकाच कोपऱ्यात, तीही माणसानं श्वास रोखला तर. दीड वाजला होता. लॅपटॉपला लावलेल्या पेनड्राइव्हमध्ये एक फाइल होती, फाइलमध्ये बिबट्या होता आणि ती फाइल उघडत नव्हती.

झालं असं, की वनरक्षकांच्या हातात पिंजरा एकच होता आणि मागणाऱ्या वस्त्या दोन, एक ओढ्यापलीकडची आणि एक आमची. सकाळी त्यांनी दादाला फोनवर सांगितलं की पिंजरा गाडीत चढवलाय, वाटेत तुमच्याकडे थांबतो, चारपर्यंत बिबट्या डोळ्यांनी दिसला तर इथं उतरवतो, नाहीतर पुढं. आदल्या दिवशी वहिनी सात वर्षांच्या लेकीला शाळेत सोडायला निघाली होती. उसाच्या कडेला तिला गुरगुर ऐकू आली आणि ती लेकीला कडेवर घेऊन उलट्या पावली घरी आली. तेव्हापासून वस्तीवरची नऊच्या नऊ पोरं घरात कोंडलेली. वहिनी बोलत नव्हती. भांडी घासत होती, घासलेलीच परत घासत होती.

आता खरं सांगायचं तर पिंजरा आम्हाला तीन आठवड्यांपूर्वीच मिळायचा. तो मिळाला नाही, त्याला कारण मी.

मी मंचरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, सुट्टीला वस्तीवर येतो. तीन आठवड्यांपूर्वी असाच आलो होतो. दादा कांदा घेऊन मंचरला, वहिनी लेकीला घेऊन माहेरी, घरात मी आणि दादाची आई, म्हणजे माझी काकी. दिवेलागणीला गोठ्यातून दुधाची किटली घेऊन मी बाहेर आलो आणि अंगणात बिबट्या. पुढं काय झालं ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून सांगायला सुरुवात केली. बिबट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढा. शेपूट गोठ्यात, तोंड कांदाचाळीपाशी. मी त्याच्या डोळ्यात डोळे घालून उभा राहिलो, दुधानं भरलेली किटली गरगर फिरवली आणि घातली नाकाडावर. गडी कोलमडला आणि जो नदीकडं पळाला, तो बहुतेक पारनेर ओलांडूनच थांबला. किटलीला पोचा आला होता. तो मी लोकांना हात लावून बघू देत असे.

माणसं बघायला येत होती. मी त्यांना अंगणात नेऊन बिबट्या कुठं उभा होता, मी कुठं, हे पाय रोवून दाखवत होतो. वनरक्षक आले तोवर सगळे ठसे मीच तुडवून घेतले होते. त्यांना मी दोन तास सांगितलं. काकीनं दोनदा चहा दिला. उठताना त्यांनी वहीत काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं. एवढंच होतं: ठसे नाहीत, शिकार नाही, सांगणारा एक. जाताना ते दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "पावणं, ट्रॉलीएवढा बिबट्या मी नोकरीत अजून बघितला न्हाई."

चाळीच्या भिंतीवर एक कॅमेरा आहे. कांद्याच्या चोरीसाठी बसवलेला. त्याचा टीव्ही व्होल्टेजनं जळाल्यापासून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. मला मात्र त्याची आठवण त्या संध्याकाळपासून होती. मी ती दुसऱ्या कुणाला करून दिली नाही, एवढंच. आठवण झाली वहिनीला, उसाजवळून परतल्यावर. तिनं कॅमेरा बसवणाऱ्या फिटरला बोलावलं. त्यानं वेळ विचारून त्या संध्याकाळचं चित्रण पेनड्राइव्हवर काढून दिलं आणि रेकॉर्डिंगचा डबा दुरुस्तीला घेऊन गेला. जाताना म्हणाला, ही डीएव्ही फाइल आहे, मोबाइलवर चालणार नाही, विंडोजवर आमचा प्लेअर टाकला तर चालेल.

दादा म्हणाला, जुन्नरला नेटवाल्याकडे जाऊन येतो. नेटवाल्याच्या दुकानात बाकावर कायम सहा माणसं बसलेली असतात, आणि सहा माणसांनी पाहिलेलं चित्रण संध्याकाळपर्यंत शिवनेरीच्या टोकापर्यंत पोचतं. मी म्हणालो, पुरावा बाहेरच्याच्या हातात द्यायचा नसतो. माझ्याकडे लॅपटॉप आहे, त्यात लिनक्स आहे, अंतराळात यान सोडतात ते ह्याच्यावर. पाच मिनिटांचं काम.

लॅपटॉप ऑफिसातून मोडीत निघालेला. त्यात विंडोज दम टाकायला लागलं म्हणून एका ओळखीच्यानं लिनक्स टाकून दिलं होतं. मी त्यावर तोवर टायपिंग केलं होतं आणि पत्ते खेळलो होतो. फाइलचं रूप बदलायला एफएफएमपेग नावाचं पॅकेज लागतं, हे मला मोबाइलवर वाचून कळलं. वाचलं तसं टर्मिनलच्या काळ्या खिडकीत टाइप केलं. उत्तर आलं की कुलूप दुसऱ्याकडे आहे. म्हणजे लॅपटॉप मागच्या मागे स्वतःचं काहीतरी अपडेट करत होता आणि एका वेळी एकालाच आत जायची परवानगी. थांबायला हवं होतं. मी दहा मिनिटं थांबलो, ती मला दहा उन्हाळ्यांएवढी वाटली, आणि मी ते अपडेट मधेच मारून टाकलं.

अर्धी भाजलेली भाकरी तव्यावरून ओढल्यावर जे होतं ते झालं. आता टर्मिनल म्हणायला लागलं की आधीचं अर्धवट आहे, ते निस्तर, मग नवीन माग. ते कसं निस्तरायचं ते शोधायला रेंज, रेंजसाठी डावा हात वर. हाताला मुंग्या आल्या. सव्वादोनला ते निस्तरलं. परत पॅकेज मागितलं, तर चारशेचार. म्हणजे त्या पत्त्यावर ती वस्तूच नाही. माझं लिनक्स इतकं जुनं, की त्याचं कोठार बंद करून सगळा माल जुन्याच्या कोठारात नेऊन टाकलेला, आणि माझा लॅपटॉप अजून जुन्या दारावर थापा मारतोय. एका फाइलमध्ये सगळे पत्ते बदलायचे होते. घामानं बोटं कळांवरून घसरत होती. खाली वहिनीनं घासलेला हंडा पुन्हा राखेत घातला, तो आवाज मला ऐकू आला.

"झालं का?" दादा.

"होतंय," मी.

"पाच मिनिटं सकाळी म्हणला व्हतास. तुझी पाच मिनिटं बी ट्रॉलीएवढीच दिसत्यात."

पावणेतीनला माल उतरायला लागला. एकेक पॅकेज टाकीच्या कोपऱ्यातून गळणाऱ्या नळासारखं येत होतं. एका पॅकेजला दुसरं हवं, दुसऱ्याला तिसरं, लग्नाला एकाला बोलवावं आणि सारी भावकी यावी तशी गत. मी खरंच श्वास रोखून बसलो होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी काळी खिडकी गप्प झाली.

डीएव्हीची एमपीफोर, म्हणजे मोबाइलवर चालणारी फाइल, करायला सांगितली. उत्तर आलं, हा डेटा ओळखता येत नाही. इथं मी एकदा टाकीवरून खाली पाहिलं. उंची फार नव्हती. मग कुठंतरी वाचलं, की ही फाइल म्हणजे आतून साधंच चित्रण असतं, वरची पिशवी तेवढी कंपनीची. मशीनला आधीच सांगायचं की आत काय आहे, पिशवीकडे बघू नकोस. तसं सांगितलं. आकडे धावायला लागले आणि एमपीफोर तयार झाली.

मी स्क्रीनवर गमछा टाकला, त्यात डोकं घातलं आणि एकट्यानं पाहिलं.

गोठ्यातून एक माणूस येतो. उकिरड्याआडून काहीतरी येतं. माणूस किटली टाकतो आणि उंदीर बिळात शिरावा तसा कांदाचाळीत शिरतो, दार लावतो. हे सगळं इतक्या वेगात, की बिबट्या मांजरासारखा तुरुतुरु चालत होता. फिटरनं जागा वाचावी म्हणून सेकंदाला बाराच चित्रं ठेवलेली, मशीन समजलं पंचवीस. हे मांजर बघून वनरक्षक गाडी सुरूच करणार. मी बाराचा आकडा घालून पुन्हा रूपांतर केलं. साडेतीन. खाली गाडीचा आवाज आला. पिंजरा खडखडला.

आता सगळं खऱ्या वेगात होतं. बिबट्या बिबट्याच दिसत होता, अंगणात बांधलेल्या शेळीसमोर दबलेला. पण मीही मीच दिसत होतो. मी पळताना किटली दगडावर आपटली, पोचा तिथं आला. मग स्वयंपाकघरातून काकी आली. हातात परात, दुसऱ्या हातात उलथणं. ती परात वाजवत चालत आली, पळत नाही, चालत. आवाज त्या चित्रणात नव्हता, तरी मला ऐकू आला. त्या संध्याकाळी चाळीत कांद्यांवर बसून मी तो ऐकलाच होता. बिबट्या मागं सरला आणि वळला. काकीनं आडवी झालेली किटली उचलली, चाळीच्या दारावर उलथण्यानं दोनदा टकटक केलं.

मशीनला एक गोष्ट फार सोपी जाते. अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत काप म्हटलं की क्षणात कापतं. दोन तास छळलेल्या त्या खिडकीनं हे काम चुटकीसरशी केलं. सहा सेकंदांचा तुकडा: शेळी, बिबट्या, त्याचे डोळे. माणूस नाही, चाळ नाही, परात नाही. मी तो मोबाइलवर घेतला आणि शिडीवरून खाली उतरलो.

वनरक्षकांनी सहा सेकंद दोनदा पाहिले. "हाय खरा," ते म्हणाले. "मादी दिसतीय. भाऊ, ही गेली कुठल्या बाजूनं? पिंजरा तिच्या वाटंवर लागतो. दुसरीकडं लावला तर नुसती कोंबडी मरंल आत."

दादानं माझ्याकडे पाहिलं. वहिनी दारात आली. मी तीन आठवडे सगळ्यांना सांगितलं होतं, नदीकडं. नदीकडं बोट करायचं तेवढं बाकी होतं आणि माझा हात अर्धा उचललाही होता. पण मी नुकतंच पाहिलं होतं, बिबट्या वळला तो नदीकडं नाही. चाळीच्या बाजूनं, पाण्याच्या चारीवरून, पोरांच्या शाळेच्या वाटेवर. वहिनीला गुरगुर ऐकू आली तीच जागा. वहिनीच्या हातात अजून राख होती.

मी म्हणालो, "पूर्ण फाइल वर आहे. आणतो."

लॅपटॉप ओट्यावर ठेवला. दादा, वहिनी, वनरक्षक, त्यांचा ड्रायव्हर आणि बातमी लागून आलेले शेजारी, सगळे वाकून उभे राहिले. काकी आत पीठ मळत होती. मी प्ले दाबलं आणि किटलीकडे बघत राहिलो, ती खुंटीला लटकत होती. चाळीचं दार लागलं तेव्हा कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ड्रायव्हर फक्त म्हणाला, "दाराला आतून कडी हाय का राव?" काकी परात घेऊन आली तेव्हा वहिनीनं तोंडाला पदर लावला.

वनरक्षकांनी शेवटचा भाग परत लावायला सांगितला. बोट स्क्रीनवर ठेवून विचारलं, "ही वाट कुठं जाती?"

"शाळंला," वहिनी म्हणाली. दिवसभरातला तिचा पहिला शब्द.

पिंजरा चारीच्या कडेला उतरला. दादा आणि ड्रायव्हरनं तो ढकलत उसाच्या तोंडाशी नेला, मीही एका कोपऱ्याला हात लावला. माझा हात कुणी हटवला नाही आणि कुणी विचारलंही नाही की बिबट्या किती मोठा होता. वनरक्षकांनी वही काढली, मागचं पान उलटलं, 'सांगणारा एक' हे शब्द खोडले. त्या जागी काय लिहिलं ते बघायला मी वाकलो नाही.

गाडी गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. काकी चुलीपुढं बसली होती. तीच परात, तेच उलथणं. तीन आठवडे दर सुट्टीला मी हिच्यासमोर किटली फिरवून दाखवत होतो आणि ही चहा गाळत होती. वनरक्षक दोन तास ओट्यावर बसले होते, ही त्यांच्या हातात कप देऊन आत गेली होती. तेव्हा एक वाक्य बोलली असती तर पिंजरा तेव्हाच लागला असता, नऊ पोरं घरात कोंडली गेली नसती, मी टाकीवर चढलो नसतो.

"काकी," मी विचारलं, "तू तवा बोलली का न्हाईस?"

तिनं भाकरी उलटली.

"मला कुणी इचारलं न्हाई."