बेसिनखालची बादली

फोन आला तेव्हा माझ्या हातात बादलीच होती. दवाखान्यातून माझा मुलगा संजू बोलत होता, "आई, मोठी आई गेली..." मी हो म्हटलं, फोन ओट्यावर ठेवला, मागच्या अंगणात जाऊन बादली लिंबोणीच्या बुडाशी रिकामी केली आणि मगच पायरीवर बसले. कुणाला हे विचित्र वाटेल. पण आमच्या घरात भरलेली बादली तशीच ठेवून रडायचीही सोय नव्हती.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणायची. आम्हा दोघींचे नवरे गेल्यावर गावाकडचं, अनसिंगचं घर बंद करून त्या वाशीमला आमच्याकडे राहायला आल्या, आणि आल्या आल्या बेसिनखालचा पाईप त्यांनी काढायला लावला. त्या जागी बादली आली. भांड्यांचं, भाजीचं, तांदळाचं सगळं पाणी तिच्यात पडायचं, आणि भरली की उचलून झाडांना घालायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ कधी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे पाणी वाचवायला माझी ना नव्हती. मी एवढंच म्हटलं, की पाईपच लांबवून झाडापर्यंत नेऊ. बाई म्हणाल्या, "पाईपातून किती गेलं, कोनाले समजते? उचलून पाह्य, मंग समजते."

समजलं. कंबरेला तर चांगलंच समजलं. हल्ली पुरवण्यांमध्ये घरच्या घरी पाणी कसं वाचवावं यावर छान छान लेख येतात, त्यात कंबरेचा उल्लेख मला कधी सापडला नाही. बरं, साबणाचं पाणी झाडाला चालत नाही म्हणून भांडी राखेने घासायची. गॅसच्या घरात राख कुठली? बाई अनसिंगला गेल्या की शेजारणींच्या चुलींची राख पिशवी भरून आणायच्या. एकदा एसटीत कंडक्टरने विचारलं, पिशवीत काय आहे, आणि बाईंनी खरं ते सांगितलं. शेजारचा माणूस घाबरून उठला तो वाशीमपर्यंत उभाच, आणि बाई सीटवर ऐसपैस बसून आल्या. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी संजू बाईंची राख सावडून घरी आला तेव्हा मला तो कंडक्टर आठवला. हसू आलं, आणि त्यानंतर मात्र रडू थांबेना.

शेवटच्या वर्षी त्यांच्या पायांवर सूज आली, चार पावलांत दम लागू लागला, आणि बादली माझ्या एकटीवर आली. त्याच सुमारास त्यांचं जेवण बदललं. ताट नको, वाटी नको. पोळी हातावर घ्यायची, तिच्यावरच भाजी. चहाचा कप घोटभर पाण्याने विसळून तेही पिऊन टाकायच्या. मला वाटलं, जेवणावरून मन उडालं. एकदा चिडून मी वाढलेलं ताट पुढ्यात ठेवलं, तर त्यांनी ते हळूच परत सरकवलं. "भांडे कमी तं पानी कमी. तुलेच उचला लागते ना..." दमलेल्या माणसाला असं काही ऐकलं की खाली बसावंसं वाटतं, तशी बसले.

दवाखान्यात न्यायच्या थोडे दिवस आधी त्यांनी संजूला बाजारात पाठवून पाईप आणवला. नवा, लिंबोणीपर्यंत पुरेल एवढा. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "लावून घे, नलू. बस झाली माही जिद." इतकी वर्षं भांडून जे मिळालं नव्हतं ते असं आयतं हातात आलं, आणि मला ते मुळीच नको होतं. उद्या लावू, असं मी म्हटलं.

तो पाईप अजून बेसिनखालीच आहे, गुंडाळलेला, बादलीला टेकून. संजू दर रविवारी विचारतो आणि मी त्याला पुढच्या रविवारवर टाकते. यात फार मोठं काही नाही. थकलेय मी, नव्याने काही मांडायचंही जिवावर येतं. बाई गेल्यावर बादली निदान हलकी होईल असं वाटलं होतं. तसंही झालं नाही. ताट-वाटी सोडून आपल्या वाट्याचं पाणी त्यांनी जाण्याआधीच काढून घेतलं होतं... आज सकाळी उचलली, तर ती पूर्वीइतकीच भरलेली होती.