सरका की, पावणं

पूर्वी कोल्हापुरात मिसळ एकट्यानं खाता येत नसे. चौघांच्या बाकावर पाचवा कुणीतरी अनोळखी "सरका की, पावणं" म्हणत टेकायचाच, आणि त्याचं कोपर माझ्या ताटलीत यायचं. मला भयंकर राग यायचा.

कोरोनानंतर आमच्या गल्लीतलं मिसळीचं दुकान उघडलं, तेव्हा मालकानं बाकांवर एकाआड एक तांबड्या फुल्या मारल्या होत्या. पुढं फुल्या पुसल्या, पण माणसं तशीच जागा सोडून बसत राहिली, मोबाइलमध्ये मान घालून. मीही. दुधाच्या पिशव्या साबणानं धुणारा माणूस मी, मला ते आवडायला हवं होतं. पण मिसळ काही गोड लागेना.

परवा सकाळी एक म्हातारा आत आला. समोरचं अख्खं बाक रिकामं असताना माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सरका की, पावणं."

मी सरकलो. तो चंदगडचा. बायको इथल्या दवाखान्यात, आणि हा रात्रभर तिच्या उशाशी बसलेला. "आज दोन घास खाल्लं तिनं," हे त्यानं मला तीनदा सांगितलं. मग स्वतःच्या ताटलीतला एक ब्रेड उचलून माझ्या ताटलीत ठेवला. "घ्या की. मला एवढं जात न्हाय."

मी तो कटात बुडवून खाल्ला. त्यानं हात धुतले होते का, हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला.