नवसीच्या खळ्यातला हुतूतू

सिन्नरकडचा पुंजाराम गवंडी तसा सरळ माणूस. पण एकदा डोक्यात काही शिरलं की बायकोचंही ऐकायचा नाही. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं, तेव्हा तो बायकापोरांसह कुंभवलीजवळच्या चाळीत राहायला आला. तरुणपणी हुतूतूत त्यानं नाव काढलं होतं. पुरावा म्हणून आपली वाकडी करंगळी तो भेटेल त्याला दाखवायचा.

चाळीतली पोरं आणि पलीकडच्या वारली पाड्यातली पोरं यांच्यातून विस्तव जात नव्हता. विहिरीच्या वाटेवर आधी शिव्या, मग दगड. त्या हिवाळ्यात एक दगड पाड्यातल्या देवूच्या कपाळाला लागून मोठी खोक पडली. मारणारा होता चंद्रभान, पुंजारामचाच मुलगा. पुंजारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराला बदडून काही होणार नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं चाळ विरुद्ध पाडा असा हुतूतूचा सामना ठरवला. भांडायचंच आहे ना, मग रेषा आखून भांडा! देवूचा बाप गोमा तापानं अंथरुणात होता, तरी त्यानंही मान डोलावली.

आता मैदान कुठलं? जिकडेतिकडे खाचरं आणि बांध. सपाट जागा एकच, गोमाच्या घरामागचं शेणानं सारवलेलं खळं. झोडणी आटोपली असणार असं धरून चालत पुंजारामनं सकाळीच ऐटीत तिथं चुन्याच्या रेषा ओढल्या. तेही चपला घालून!

गोमाची बायको नवसी पाणी घेऊन आली आणि जागीच थांबली. खळ्याच्या कडेला तिच्या भाताच्या पेंढ्यांची शेवटची उडवी उभी होती. नवरा आजारी, म्हणून झोडायची राहिलेली.

"खल्यात चपला?" ती म्हणाली. "ही आमची कणसरी हाय, भाताची देवी. अजून भात घरात नाय गेला, नि तू तिला चुना फासला? जा आता. खेल नाय नि काय नाय."

पुंजारामनं जीभ चावली. त्याच्या आईनं त्याला कधी पायताण घालून खळ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. शेतकऱ्याचा पोर, आणि सिमेंट कालवता कालवता एवढंही विसरला!

रविवारी तो चाळीतल्या पोरांना घेऊन अनवाणी आला. मागे बायको गोजराबाई, डोक्यावर शेणाची पाटी. पोरांनी चुना खरवडला, गोजराबाईनं नवसीच्या शेजारी बसून खळं सारवलं. ते वाळल्यावर नवसीनं झोडणीला जोड्या लावल्या, चाळीतला एक आणि पाड्यातला एक. चंद्रभानच्या वाट्याला नेमका देवू आला. दोघं एकमेकांकडे बघेनात. पण बाजरीच्या मुलखातल्या चंद्रभानला भाताची पेंढी काही धरता येईना, तेव्हा देवूला हसू फुटलं.

"अशी नाय रं, अशी धर."

भात घरात गेलं, कणसरीची पूजा झाली. मग पुंजाराम गडी निवडायला लागला, चाळीतले इकडे, पाड्यातले तिकडे.

"झोडताना जोडीनं, नि खेलताना वेगले?" नवसी म्हणाली. "जोड्या मोडू नको." तिनं वाडग्यात तांदळाचं पीठ आणलं आणि मधली रेषा स्वतःच ओढली.

चंद्रभान लवकरच बाद झाला आणि मान खाली घालून बाहेर बसला. मग त्यांच्या बाजूनं देवू चढाईला गेला. कपाळावरची खोक अजून सुकली नव्हती. एका गड्याला शिवून, दम न सोडता, तो पिठाच्या रेषेवर येऊन पडला. समोरचा गडी मेला की आपला मेलेला उठतो, हा तर खेळाचा नियमच. देवू धापा टाकत उठला आणि त्यानं चंद्रभानपुढे हात केला.

"ऊठ! जिता झालास."

चंद्रभाननं तो हात धरला. पंच झालेला पुंजाराम पुकारायचं विसरून त्या दोन हातांकडेच बघत राहिला.

"अरं गवंडी," कडेवरून नवसी ओरडली, "तुझा पोर जिता झाला, पुकार की!"