घराण्याचं नाक

नवा चष्मा नाकावर बसला, की गिऱ्हाईक आधी समोर बघतं. समोर असायचा चष्मेवाला, आणि तोही वीतभर अंतरावर, कारण काड्या कानामागे नीट बसवायच्या तर तोंडासमोर तोंड आणावंच लागतं. त्यामुळे कित्येकांना बऱ्याच वर्षांनी जे पहिल्यांदा लख्ख दिसलं, ते म्हणजे त्याचं नाक.

नाकावर, गालांवर आणि खाली मानेपर्यंत मोहरीएवढे पांढुरके, गुळगुळीत दाणे होते. दुखत नव्हते, खाजत नव्हते, पिकत नव्हते. तिशीत उगवले आणि पन्नाशीपर्यंत त्यांनी गाजावाजा न करता आपला विस्तार केला. "नंबर बरोबर आहे," असं म्हणून गिऱ्हाईक नजर बाजूला वळवायचं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी साबण बदलायला सांगे, कुणी पोट साफ ठेवायला. एका निवृत्त मास्तरांचं म्हणणं, मनात दाबून ठेवलेलं काहीतरी असं बाहेर पडतं. चष्मेवाल्याने एक-दोन दिवस मनात शोधून पाहिलं, काही सापडलं नाही. मलमंही लावून झाली. मलमाने नाक चकाकायला लागलं आणि दाणे जास्तच उठून दिसले, तेव्हा त्याने तो नाद सोडला. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या. आता गेले तर मलाच चुकल्यासारखं होईल."

एके दिवशी दुकानात खाली पडलेला स्क्रू उचलायला तो वाकला आणि उजव्या बरगडीखाली चमक आली. श्वास अर्ध्यावरच थांबायला लागला. समोर एक बाई खोळंबल्यात म्हणून त्याने आधी स्क्रू पिळला, चष्मा बसवला आणि मग म्हणाला, "जरा टेकतो." त्या बाईंना नव्या चष्म्यातून त्याचे ओठ निळसर पडलेले स्पष्ट दिसले. त्यांनीच दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली.

उजवं फुप्फुस बसलं होतं. आतली हवा छातीत गळत होती. बरगड्यांमधून नळी घालून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. तो बाटलीतले बुडबुडे बघत पडून राहिला. हे बहुधा उंच, काटकुळ्या, सिगारेट ओढणाऱ्या तरुणांना होतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. तो यातला काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण आली आणि बाटलीकडे न बघता थेट त्याच्या नाकाकडे बघत उभी राहिली.

"माझं दुखणं छातीचं आहे," त्याने नम्रपणे सांगितलं.

"माहितीय. मी नाकासाठी आलेय. घरात आणखी कुणाला असे दाणे?"

"वडलांना होते. माझ्या ताईला आहेत. ती पावडर लावते."

"असं फुप्फुसाचं कुणाला झालं होतं?"

"बाबांना दोनदा दम लागून दवाखान्यात ठेवलं होतं. घरात सगळ्यांनी दोष जिन्याला दिला."

"ते कशाने गेले?"

"मूत्रपिंडात गाठ होती. फार उशिरा कळलं."

डॉक्टरणीने स्टूल पुढे ओढलं आणि बसली. घाईच्या वॉर्डात डॉक्टर बसले म्हणजे काहीतरी आहे, एवढं त्याला कळलं.

तिने एक दाणा काढून तपासायला पाठवला आणि रक्तही. निकाल यायला वेळ लागला, पण तिचा अंदाज खरा निघाला. आजार दुर्मीळ होता. एकाच जनुकातला दोष नाकावर दाणे आणतो, फुप्फुसात हवेचे फुगे करतो आणि काहींच्या मूत्रपिंडात गाठी वाढवतो. आईबापांतल्या एकाला असला, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. दाणे निरुपद्रवी, त्यांचं काही करायची गरज नाही. मूत्रपिंडांवर मात्र कायम लक्ष ठेवायचं. त्याची मूत्रपिंडं ठीक होती.

"ताईंना घेऊन या," ती म्हणाली.

हे सांगायला सोपं होतं. ताई टपाल खात्यातून निवृत्त झालेली. आपल्या नाकावर घामोळं आहे, असं ती थंडीतसुद्धा ठामपणे सांगत आली होती.

"ताई, तुझी एक तपासणी करायचीय. पोटाची."

"माझं पोट उत्तम आहे."

"डॉक्टरीणबाई नाकावरून म्हणतायत."

"नाकावरून पोट? डिग्री बघितलीस का तिची?" ताई म्हणाली. "नाव काय या आजाराचं?"

"तीन डॉक्टरांची नावं जोडलीयत."

"तिघांनी मिळून शोधला, आणि औषध एकानेही काढलं नाही?"

"नाही."

"मग मी जाऊन करू काय?"

तो म्हणाला, "बाबांना कुणी विचारलंच नाही गं. दुखायला लागेपर्यंत आत कुणी बघितलंच नाही."

ताई उठली. मग तिने पदर पाण्यात भिजवला आणि नाकावरची पावडर पुसून काढली. इतक्या वर्षांत भावाने तिचं नाक तसं पाहिलं नव्हतं.

"एवढे आहेत," ती म्हणाली.

"माझ्यापेक्षा कमीच आहेत."

"वयाने मोठी असून," ताई म्हणाली. तिच्या आवाजात किंचित समाधान होतं.

तपासणीत डाव्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ निघाली. ताईला तिचा काहीही त्रास नव्हता, म्हणून तिने आधी यंत्रावर संशय घेतला. मग ऑपरेशन झालं. गाठ आणि मूत्रपिंडाचा तेवढाच भाग काढला, बाकीचं वाचलं. आणखी काही वर्षं गेली असती तर गोष्ट हाताबाहेर गेली असती, असं सर्जन म्हणाले. त्या रात्री चष्मेवाला घरी येऊन न जेवता झोपला, आणि सकाळी बायकोपाशी बसून थोडा रडला.

त्याला मूलबाळ नव्हतं. ताईच्या दोन्ही मुलांचं रक्त तपासलं. धाकट्यात दोष निघाला, थोरल्यात नाही. आजी गेल्यावर भांडी वाटताना वाद घालणारा थोरला या वेळी उठला, धाकट्याला घेऊन बाहेर गेला आणि दोघं उशिरा परत आले.

आता भाऊ-बहीण वर्षातून एकदा एकाच दिवशी तपासणीला जातात. आत जाताना ताई बांगड्या काढून त्याच्या हातात देते, बाहेर आल्यावर तपासून घेते. मग दोघं बाकावर बसून रिपोर्टची वाट बघतात आणि बाबांविषयी बोलतात. पूर्वी हा विषय निघत नसे. ताईला आठवणारे बाबा कडक आहेत, त्याला आठवणारे मवाळ, त्यामुळे वाद होतो आणि आतून नाव पुकारलं तरी दोघांना पटकन ऐकू येत नाही.